डॉ. बेंजामिन रश : फिलिप्सांच्या घरचे पाहुणे

(शब्बाथ संपल्यानंतर सिनेगॉगच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा ध्वनिमुद्रणावरून उतरविलेला मजकूर)



या वर्षीच्या व्याख्यानमालेत ‘वैद्य आणि समाज’ हा विषय ठेवलेला आहे. मी आयुष्यभर डॉक्टरकी केली म्हणून कमिटीने मला बोलावले. रामबामवर बोलावे अशी सर्वांची अपेक्षा असणार, पण रामबामवर बोलणारे माझ्यापेक्षा अधिकारी लोक या सभागृहात बसलेले आहेत. म्हणून मी एका परधर्मीय डॉक्टराची निवड केली. त्यांचे नाव बेंजामिन रश. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ज्यांच्या सह्या आहेत त्यांतले ते एक. आपल्यापैकी पुष्कळांची मुले, नातवंडे आज अमेरिकेत आहेत. पण माझे कारण निराळे आहे. या माणसाने एका यहुदी लग्नाचे जे वर्णन लिहून ठेवले, ते वाचल्यापासून ते माझ्या मनातून जात नाही. आणि त्या वर्णनाच्या अखेरीस त्यांनी जे लिहिले तेही जात नाही.

प्रथम त्यांची थोडक्यात ओळख करून देते. रश यांचा जन्म फिलाडेल्फियाजवळ बायबेरी येथे, नव्या गणनेप्रमाणे ४ जानेवारी १७४६ रोजी झाला. वैद्यकाची पदवी त्यांनी स्कॉटलंडमध्ये एडिंबरो येथे घेतली आणि १७६९ मध्ये परत येऊन फिलाडेल्फियाच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागले. टॉमस पेन यांना त्यांच्या प्रसिद्ध पुस्तिकेसाठी ‘कॉमन सेन्स’ हे नाव सुचविले ते रश यांनीच. युद्धकाळात सैन्याच्या इस्पितळांची दुर्दशा पाहून त्यांनी आपल्या वरिष्ठांविरुद्ध तक्रार केली, जनरल वॉशिंग्टन यांच्यावरही टीका केली, आणि शेवटी स्वतःच राजीनामा देऊन बाहेर पडले. माणूस बुद्धिमान, कामसू, उतावळा आणि लेखणीला अतिशय मोकळा. गुलामगिरी, दारू, फाशी, मुलींचे शिक्षण, वेड, तुरुंग, मातृभाषेतील शिक्षण, यांपैकी ज्यावर त्यांनी लिहिले नाही असा विषय शोधावा लागेल. राजकारणात जॉन अ‍ॅडम्स आणि टॉमस जेफरसन यांच्यात अनेक वर्षे अबोला होता. पत्रे लिहून लिहून तो मोडला तोही यांनीच. १९ एप्रिल १८१३ रोजी ते वारले.

आता त्या लग्नाकडे वळते.

फिलाडेल्फियामध्ये जोनास फिलिप्स नावाचे यहुदी व्यापारी राहत असत. मूळचे जर्मनीतले. १७५६ मध्ये ते अमेरिकेत उतरले तेव्हा प्रवासखर्च फेडण्यासाठी मुदतीच्या करारावर बांधलेले नोकर होते. पुढे त्यांनी व्यापार केला, क्रांतीच्या काळात नागरी सैन्यात शिपाई म्हणून नाव घातले. स्वातंत्र्याचा जाहीरनामा छापून निघाल्यावर २८ जुलै १७७६ रोजी त्यांनी त्याची एक प्रत अ‍ॅमस्टरडॅमच्या एका व्यापाऱ्याला यिद्दिश पत्रासोबत पाठविली. वाटेत ते टपाल इंग्रजांच्या हाती लागले आणि ती लिपी पाहून त्यांना वाटले की ही काही गुप्त सांकेतिक भाषा असावी! गंमत अशी, की त्या दिवशी त्या जाहीरनाम्यावर डॉक्टर रश यांची सही झालेली नव्हती. ते काँग्रेसवर निवडून आले २० जुलैला, आणि सह्या झाल्या २ ऑगस्टला.

जोनास यांच्या पत्नी रिबेका. त्यांचे माहेर पोर्तुगालमधून निसटलेल्या घराण्याचे. त्यांच्या आईचे वडील डॉक्टर सॅम्युएल नुन्येस हे लिस्बनमध्ये नावाजलेले वैद्य होते. धर्मन्यायालयाच्या जाचातून ते कुटुंबासह सुटले आणि १७३३ च्या जुलैमध्ये जॉर्जियातील सव्हाना या नव्या वसाहतीत उतरले. वसाहतीत तेव्हा साथ चालू होती, डॉक्टर मरण पावलेला होता. या यहुदी वैद्याने तेथील कित्येकांचे प्राण वाचविले. अशा वैद्याची नात रिबेका. तिला एकवीस मुले झाली. १७८७ च्या जून महिन्यात तिच्या घरी डॉक्टर रश हे आजारपणासाठी येऊ लागले होते, आणि त्याच ओळखीतून २७ जूनच्या सकाळी त्यांना लग्नाचे निमंत्रण मिळाले. मुलगी रेचल, नवरा मुलगा व्हर्जिनियाचा मायकल लेव्ही.

आपल्या पंचांगाप्रमाणे तो दिवस ५५४७ मधील तम्मूझ महिन्याचा अकरावा होता. पुढे सहाच दिवसांनी सतरावा तम्मूझ, म्हणजे शोकाचे तीन आठवडे सुरू होणार. घाई का असावी ते येथे बसलेल्या आयांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

रश यांची पत्नी ज्युलिया त्या दिवसांत माहेरी प्रिन्स्टनला होती. रात्री त्यांनी तिला पत्र लिहिले. हे पत्र प्रकाशनासाठी नव्हते. नवऱ्याने बायकोला लिहिलेले खाजगी पत्र, म्हणून त्यात खोटा आव नाही. दुपारी एक वाजता तीस-चाळीस पुरुष फिलिप्सांच्या बैठकीच्या खोलीत जमले होते. त्यासाठी बाके मांडली होती. एक वृद्ध गृहस्थ इब्री प्रार्थना गाऊ लागले. रश त्यांना रब्बी म्हणतात; वास्तविक त्या काळी अमेरिकेत रीतसर दीक्षा घेतलेला रब्बी नव्हता, हझानच सर्व विधी चालवीत. रश यांना ‘आमेन’ आणि ‘हालेलुया’ यांपलीकडे एक शब्द कळला नाही. म्हणून ते पाहत राहिले. प्रार्थना सुरू होताच सर्वांनी लगबगीने टोप्या डोक्यावर चढविल्या, हे त्यांनी पाहिले. आणि प्रार्थना चालू असतानाच काही मंडळी एकमेकांशी मोकळेपणाने गप्पा मारीत होती, हेही पाहिले. (हशा.) आपल्या कमिटीच्या इतिवृत्तात ही तक्रार दर वर्षी लिहिली जाते. सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ झाला, तिचे निवारण झालेले नाही.

सुमारे वीस मिनिटांनी केतुबा आणली गेली. रश यांनी ती बारकाईने समजून घेतली: चर्मपत्रावर इब्री अक्षरांत लिहिलेला दस्त, चार साक्षीदारांसमक्ष वराची सही, आणि नवरा मागे वारला तर पत्नीच्या निर्वाहाची तजवीज. हे वाचताना माझे लक्ष एका गोष्टीकडे गेले. त्या काळच्या इंग्रजी कायद्यात लग्न झालेल्या स्त्रीच्या मालमत्तेवर नवऱ्याचा ताबा असे. रश यांनी त्यावर भाष्य केलेले नाही, पण संपूर्ण विधीतून त्यांनी बायकोला कळविण्यासाठी जे निवडले त्यात ही तरतूद पहिल्याच भागात आहे.

मग हुप्पा उभा राहिला. पांढऱ्या आणि तांबड्या रेशमाचा. चार तरुणांनी पांढरे हातमोजे घालून त्याचे चार खांब धरले. वधू आई, बहीण आणि नात्यातल्या बायकांच्या लवाजम्यासह जिन्यावरून खाली आली. कमरेपर्यंत पोहोचणारा बुरखा. आपल्याकडे वधू येताना वर स्वतः गातो. तेथे ही पद्धत नव्हती असे दिसते, नाहीतर रश यांनी ते टिपले असते. वधूच्या चेहऱ्यावर भीती, लाज, आदर आणि भक्ती एकाच वेळी दिसत होती असे ते लिहितात, आणि आपण तिच्याकडे आनंदाने पाहत राहिलो असेही बायकोला निःसंकोच सांगतात. वराला वधूच्या शेजारी उभे न करता समोरासमोर उभे केले. द्राक्षारसाचा प्याला, दोघांनी घेतलेला चमचाभर घोट, अंगठी, पुन्हा प्याला. आणि शेवटी पायाशी ठेवलेल्या कथलाच्या मोठ्या ताटात वराने काच आपटली. काचेचे तुकडे होताच आनंदाचा कल्लोळ.

येथे मला रश यांचा स्वभाव आवडतो. पाहुणे घरी जाऊन विचित्र रूढींची थट्टा करतात, तसे त्यांनी केले नाही. त्यांनी अर्थ विचारला. कोणीतरी सांगितले, की युरोपात लग्ने उघड्यावर होतात, म्हणून ऊन-पावसापासून संरक्षण म्हणून हुप्पा आला. एकाच प्याल्यातून पिणे म्हणजे दोघांची संपत्ती एक. आणि काच फोडणे म्हणजे जीवन किती ठिसूळ आहे, मृत्यू किती निश्चित आहे याची आठवण, म्हणजे आनंद मर्यादेत राहतो. येरुशलाईमच्या मंदिराचा उल्लेख त्या उत्तरात नाही. उत्तर देणाऱ्याला ठाऊक नव्हते, की परक्याला एवढे पुरे असे त्याला वाटले? माझा कल दुसऱ्या शक्यतेकडे आहे. आपण सगळ्यांनीच शेजाऱ्यांना अशी अर्धी उत्तरे दिलेली आहेत.

उकाड्यामुळे रिबेकाबाई भोवळ येऊन पडल्या होत्या. त्यांची प्रकृती पाहण्यासाठी रश वर गेले, तर एका खोलीत नवरा-नवरी एकाच वाडग्यातून रस्सा पीत बसलेली. बाई ओशाळून म्हणाल्या, की धर्माप्रमाणे दोघांनी काल रात्रीपासून काही खाल्लेले नाही. जेवायला थांबण्याचा आग्रह झाला, पण कामामुळे रश थांबू शकले नाहीत. केक आणि द्राक्षारस घेऊन निघाले. निघताना त्या आजारी बाईने केकचा मोठा तुकडा डॉक्टरांच्या खिशात घातला: ज्युलियासाठी, न्यूयॉर्कच्या जुन्या ओळखीची आठवण म्हणून.

येथवर हे पत्र म्हणजे कोणत्याही यहुदी घराने जपून ठेवावे असे पत्र आहे. पण ते येथे संपत नाही.

रश लिहितात, की तो सगळा विधी चालू असताना माझे मन स्वस्थ नव्हते. ते प्रथम मागे गेले, प्राचीन काळात, पेसाख, बलिदाने, योबेल वर्षे यांच्याकडे. आणि मग ते पुढे गेले; त्या भविष्याकडे, जेव्हा एकेकाळी देवाला प्रिय असलेली ही जात पुन्हा कृपेत घेतली जाईल आणि ख्रिस्ती लोकांशी एकजीव होऊन एकाच तारणाऱ्याचे स्तवन करील.

बंधुभगिनींनो, हे वाक्य मी पहिल्यांदा वाचले तेव्हा वाडग्यातून रस्सा पिणारी ती दोन मुले माझ्या डोळ्यांसमोर होती. त्यांच्या लग्नात उभा राहून हा सज्जन माणूस, अतिशय प्रेमाने, त्यांच्या नातवंडांनी यहुदी राहू नये अशी आशा करीत होता. त्यात द्वेषाचा लवलेश नाही. म्हणूनच ते अवघड आहे. द्वेष करणाऱ्याला दार लावता येते. ज्याच्या खिशात आपण केक घातला त्याचे काय करायचे?

आपल्या पूर्वजांनाही हा प्रश्न पडलेला होता. १८१३ साली, रश वारले त्याच वर्षी, फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. त्यांनी शाळा काढल्या. त्या शाळांत बेने इस्राएलांची मुले शिकली, आपल्या लोकांनी तेथे शिकविलेही. पुढे स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन आले आणि मराठीतून इब्री व्याकरण तयार झाले. या सगळ्यांच्या मनात रश यांचीच आशा होती. हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास लिहिला तेव्हा मिशनऱ्यांच्या शैक्षणिक कार्याची कृतज्ञतेने नोंद घेतली. आपल्या लोकांनी व्याकरण घेतले, शाळा घेतल्या, आणि धर्म सोडणारे अगदी थोडे निघाले. ज्या पुस्तकांनी त्यांना बाहेर नेण्याचा हेतू होता त्याच पुस्तकांच्या आधारे ते सिद्दूर वाचू लागले.

फिलिप्स यांनी काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. पेनसिल्व्हेनियाच्या १७७६ च्या राज्यघटनेप्रमाणे विधिमंडळात बसणाऱ्याला जुना आणि नवा, दोन्ही करार ईश्वरप्रेरित असल्याची शपथ घ्यावी लागे. म्हणजे यहुद्याला दार बंद. लग्नानंतर दहा आठवड्यांनी, ७ सप्टेंबर १७८७ रोजी, त्याच शहरात भरलेल्या घटनासमितीला जोनास फिलिप्स यांनी अर्ज केला. त्यावर इब्री तारीखही घातली: २४ एलूल ५५४७. रोश हशानाला सहा दिवस राहिलेले होते. यहुदी लोक या देशासाठी लढले आहेत, रक्त सांडले आहेत, आणि आपल्या विवेकाविरुद्ध शपथ घेण्यास त्यांना भाग पाडू नये, असा त्या अर्जाचा आशय. त्यांना ठाऊक नव्हते, की समितीने बंद दारांआड ३० ऑगस्टलाच ठरविले होते, की संघराज्याच्या कोणत्याही पदासाठी धर्माची परीक्षा घेतली जाणार नाही. राज्याची ती जुनी शपथ मात्र १७९० च्या नव्या राज्यघटनेपर्यंत टिकली. हेच फिलिप्स पुढे १७९३ मध्ये शब्बाथच्या दिवशी न्यायालयात शपथ घेऊन साक्ष देण्यास नकार देतात आणि दहा पौंडांचा दंड ओढवून घेतात. नव्या कराराची सक्ती नको म्हणणारा माणूस शनिवारचीही सक्ती मानीत नव्हता.

पुढच्या वर्षी, ४ जुलै १७८८ रोजी, नव्या राज्यघटनेच्या मंजुरीप्रीत्यर्थ फिलाडेल्फियात भव्य मिरवणूक निघाली. तिचे सर्वांत प्रसिद्ध वर्णन रश यांनीच लिहिलेले आहे. निरनिराळ्या पंथांचे सतरा धर्मोपदेशक चालत होते, आणि त्यांत दोन ख्रिस्ती धर्मगुरूंच्या हातात हात घालून यहुद्यांचा रब्बी. रश यांना हे दृश्य फार आवडले. सर्व पदे सर्व धर्मांच्या लायक माणसांना खुली करणाऱ्या त्या कलमाचे याहून चांगले चिन्ह सापडणार नाही, असे त्यांनी लिहिले.

मिरवणुकीच्या अखेरीस जेवण होते. ते रश यांच्या वर्णनात शोधू नका. रेचलचा धाकटा भाऊ नफताली त्या वेळी चौदा-पंधरा वर्षांचा होता. त्याने म्हातारपणी, १८६८ मध्ये, एका पत्रात आठवण लिहिली, की यहुद्यांसाठी एक निराळे टेबल मांडलेले होते, कारण त्यांना इतरांचे अन्न चालत नव्हते. त्यावर खारवलेला सामन मासा, पाव, बिस्किटे, बदाम, मनुका. माझ्या दृष्टीने हे टेबल त्या हातात हात घालण्याइतकेच महत्त्वाचे आहे. बरोबर चालायचे, आणि आपल्या ताटात आपले अन्न. कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या शनवार तेल्यांना हे कोणी शिकवावे लागले नव्हते.

आता डॉक्टर म्हणून रश कसे होते? माझ्या व्यवसायातल्या लोकांनी त्यांच्याविषयी बोलताना जपून बोलले पाहिजे, कारण त्यांचे गुण आणि दोष एकाच मुळापासून आलेले आहेत.

१७९३ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात पिवळ्या तापाची साथ आली. पन्नास हजारांच्या आसपास वस्ती. त्यांपैकी सुमारे पाच हजार माणसे मेली. ज्यांना शक्य होते ते पळाले, सरकारसुद्धा पांगले. रश राहिले. दिवसभर रोगी पाहत. स्वतः आजारी पडले, त्यांची बहीण त्या साथीत गेली, तरी राहिले. या धैर्यापुढे मी नतमस्तक आहे. आणि उपचार? पाऱ्याचे क्षार आणि जालप या जुलाबाच्या जबर मात्रा, आणि पुनःपुन्हा रक्त काढणे. माणसाच्या शरीरात किती रक्त असते याचा त्यांचा अंदाज वास्तवापेक्षा फार मोठा होता. रोगाचे कारण म्हणून त्यांनी धक्क्यावर कुजत पडलेल्या कॉफीकडे बोट दाखविले. डास हे कारण सिद्ध व्हायला १९०० साल उजाडावे लागले. त्याच शहरात त्याच वेळी डेव्हिड नासी हा सुरिनामहून आलेला यहुदी डॉक्टर सौम्य उपचार करीत होता आणि त्याने त्याच वर्षी आपली निरीक्षणे एका छोट्या पुस्तकात छापली. रश यांनी ऐकले नाही. त्यांनी आपला सिद्धांत अधिकच घट्ट धरला. पुढे विल्यम कॉबेट या पत्रकाराने त्यांची निर्दय टर उडविली. रश यांनी बदनामीचा दावा लावून पाच हजार डॉलरचा निकाल मिळविला. तो निकाल लागला १४ डिसेंबर १७९९ रोजी. त्याच दिवशी जनरल वॉशिंग्टन वारले, आणि त्या दिवशी त्यांच्या डॉक्टरांनी त्यांचे पुष्कळ रक्त काढलेले होते.

साथीत त्यांनी आणखी एक गोष्ट केली. कृष्णवर्णीय लोकांना हा ताप होत नाही अशी समजूत करून घेऊन त्यांनी आपले मित्र अ‍ॅब्सलम जोन्स आणि रिचर्ड अ‍ॅलन यांना विनंती केली, की तुमच्या लोकांनी रोग्यांची शुश्रूषा करावी. त्यांनी केली. प्रेते उचलली, रोगी पाहिले, आणि इतरांसारखेच मेले. वर नंतर त्यांच्यावरच चोरीचे आणि जास्त पैसे उकळल्याचे आरोप छापले गेले. १७९४ मध्ये जोन्स आणि अ‍ॅलन यांना उत्तरादाखल स्वतःची पुस्तिका काढावी लागली.

रश या लोकांचे शत्रू मुळीच नव्हते. १७७३ मध्ये त्यांनी गुलामगिरीविरुद्ध निर्भीड पत्रक लिहिले, काळ्या लोकांच्या चर्चसाठी मदत केली, पुढे गुलामगिरीविरोधी संस्थेचे अध्यक्ष झाले. तरीही विल्यम ग्रबर नावाचा एक गुलाम त्यांच्या स्वतःच्या घरी होता. तो मुक्त झाला १७९४ मध्ये. आणि १७९७ मध्ये त्यांनी फिलॉसॉफिकल सोसायटीपुढे एक निबंध वाचला: काळ्या लोकांचा वर्ण हा कुष्ठासारख्या रोगाचा परिणाम असावा. त्यांचा निष्कर्ष असा, की म्हणून त्यांच्यावर अत्याचार करू नये. दुप्पट दया दाखवावी. आणि उपाय शोधावा, म्हणजे ते गोरे होतील.

हा निबंध आणि लग्नाचे ते पत्र मी शेजारी शेजारी ठेवून वाचते. दहा वर्षांचे अंतर आहे, पण हात एकच आहे. या वैद्याला जो माणूस आपल्यासारखा नाही तो आजारी दिसतो. रोग्याचा तो तिरस्कार करीत नाही. त्याच्या उशाशी रात्रभर बसेल. पण काळा माणूस बरा झाला की गोरा होणार, आणि यहुदी बरा झाला की ख्रिस्ती. आपण जसे आहोत तसे निरोगी असू शकतो, ही शक्यता त्यांच्या निदानात बसत नाही. डॉक्टरांना हा धोका नेहमीचा असतो, आणि तो निर्दय डॉक्टरांपेक्षा कनवाळू डॉक्टरांना अधिक असतो, असे माझे मत आहे.

परंतु जेथे माणूस खरोखर आजारी होता आणि जग त्याला पापी किंवा पशू समजत होते, तेथे हीच दृष्टी मोठे काम करून गेली. पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलमध्ये वेड्यांना थंड, ओलसर कोठड्यांत ठेवीत. रश यांनी अधिकाऱ्यांच्या मागे लागून त्यांच्यासाठी वेगळी, उबदार जागा मिळविली. वेड हा मनाचा रोग आहे, त्याला उपचार आहे, रोग्याशी सभ्यपणे बोलावे, त्याला काम द्यावे, असे त्यांनी सांगितले. दारूचे व्यसन हाही रोगच, असे लिहिणाऱ्या पहिल्या काही डॉक्टरांत ते येतात. त्यांनी दारूची एक तापमापकपट्टीच छापली होती, वर पाणी आणि दूध, खाली उतरत रम आणि जिन, आणि तळाशी फासावर जाणे. १८१२ मध्ये मनोविकारांवरचे त्यांचे पुस्तक आले. अमेरिकेतील या विषयाचे ते पहिले पाठ्यपुस्तक. त्यातही रक्त काढणे आहेच. शिवाय रोग्याचे हातपाय आणि डोके जखडून त्याला शांत करणारी एक खुर्ची त्यांनी बनविली होती. तिचे चित्र पाहून आज अंगावर काटा येतो.

ते पुस्तक लिहिले जात असताना त्यांचा थोरला मुलगा जॉन त्याच हॉस्पिटलमध्ये रोगी होता. नौदलात अधिकारी असताना १८०७ मध्ये द्वंद्वयुद्धात त्याच्या हातून मित्र मारला गेला आणि त्याचे मन फाटले. १८१० मध्ये वडिलांनी त्याला घरी आणले. घरी सांभाळता येईना, तेव्हा हॉस्पिटलमध्ये ठेवले. तेथेच तो १८३७ पर्यंत जगला. वडिलांचे सारे शास्त्र त्याच्यासाठी काही करू शकले नाही. त्या पुस्तकाची पाने मी हे जाणून वाचते, आणि मग त्या खुर्चीविषयी मला पूर्वीइतके कठोर बोलवत नाही.

आता रेचलकडे परत येते, कारण तिची गोष्ट अर्धी राहिली. तिला १७९२ मध्ये मुलगा झाला, युरिया. जोनास आजोबांचा लाडका. तो लहानपणीच समुद्रावर पळाला आणि पुढे अमेरिकन नौदलात कमोडोर झाला. यहुदी म्हणून त्याला सहकाऱ्यांचे पुष्कळ टोमणे आणि लष्करी न्यायालयाचे खटले सोसावे लागले. जहाजावर खलाशांना फटके मारण्याची शिक्षा त्याने आपल्या हुकमतीखालच्या जहाजावर टाळली आणि ती कायमची बंद व्हावी म्हणून लढला. १८५० मध्ये काँग्रेसने ती बंद केली. रश यांनी सार्वजनिक शिक्षांविरुद्धचा आपला निबंध १७८७ च्या मार्चमध्ये फ्रँकलिन यांच्या घरी वाचला होता, म्हणजे रेचलच्या लग्नाआधी अवघे साडेतीन महिने. चारचौघांत फटके मारल्याने माणूस सुधारत नाही, निर्लज्ज होतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचे हे म्हणणे त्या घरच्या नातवाने, यहुदी राहूनच, पुढे नेले.

याच युरियाने १८३० च्या दशकात जेफरसन यांचे मोडकळीस आलेले घर, व्हर्जिनियातले मॉन्टिसेलो, विकत घेतले आणि सावरले. म्हाताऱ्या आईला त्याने तेथे राहायला नेले. १८३९ मध्ये रेचल तेथेच वारली आणि घराजवळच तिचे दफन झाले. ती कबर आजही तेथे आहे. आपली मुले-नातवंडे त्या बाजूला राहत असतील, आणि उन्हाळ्यात तुम्ही त्यांच्याकडे जाणार असाल, तर जेफरसनचे घर पाहायला सगळेच जातात. जाताना वाटेत थांबून तिच्या कबरीवर एक लहानसा दगड ठेवा.

मी येथे थांबते. चहा तयार असल्याची खूण कमिटीने केव्हाच केलेली आहे. प्रश्न असतील ते चहाबरोबर घेऊ या.